खेळाचा संगणक आणि बेताचा पैसा



व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर संतवाङ्मयाचे अभ्यासक येतात, अर्थकारणाचे जाणकार येतात, देशोदेशीचे प्रवास केलेले येतात. त्यांच्या पंक्तीला बसून एका युनियनवाल्याने संगणकावरच्या खेळांविषयी बोलावे, आणि तेही जुने यंत्र थोड्या पैशात कसे सुधारावे याविषयी, हे पत्रिकेत वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. मी कॉलेजची पायरी चढलेला माणूस नाही. मला जे थोडेफार समजते ते यंत्रावर हात चालवणाऱ्या माणसांकडून आणि खोक्यात येणारी माहितीपुस्तके चिकाटीने वाचून समजले आहे. तरी हा विषय मी चालकांकडे मागून घेतला. त्याची कारणे दोन.

पहिले कारण पैशाचे. पगारात चार रुपयांची वाढ मिळावी म्हणून आम्ही वर्ष वर्ष बोलणी करतो, प्रसंगी फाटकाशी बसतो. ती वाढ घरात येते, आणि एखाद्या रविवारी दुपारी दुकानाच्या काउंटरवर केवळ माहिती नाही म्हणून निघून जाते. मुलगा म्हणतो, “यंत्र अडखळते.” दुकानदार म्हणतो, “हे आता जुने झाले, सगळेच बदला, हप्ते करून देतो.” बापाला त्यातले काही कळत नाही, तो सही करतो. मिळवलेली मजुरी राखणे हेही मजुरी वाढवून घेण्याइतकेच आमचे काम आहे, असे मी मानतो.

दुसरे कारण करमणुकीचे. कामावरून आलेला तरुण संध्याकाळी तासभर संगणकावर मोटार पळवतो किंवा फुटबॉल खेळतो, हे पाहून घरातली वडील मंडळी कपाळाला आठ्या घालतात. अतिरेक झाला तर तो वाईटच, मग तो खेळाचा असो की पत्त्यांचा. पण फुरसत आणि खेळ हा श्रीमंतांचा मक्ता नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याची एक सुट्टी ही मागणी अग्रभागी होती, आणि १८९० साली रविवारची सुट्टी गिरणीमालकांना मान्य करावी लागली. ती सुट्टी कशी घालवावी हे त्या माणसाने ठरवायचे. आपण एवढेच पाहायचे, की ती घालवण्यासाठी त्याने कर्जात पडू नये.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक यंत्र समोर ठेवू. आमच्या कचेरीत येणारा एक तरुण फिटर आहे. त्याने २०१९ साली साठवलेल्या पैशातून खेळण्याजोगा संगणक बांधून घेतला. त्यात रायझन ५ २६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर, बी-४५० जातीचा मदरबोर्ड, आठ जीबीची एक रॅमपट्टी, जीटीएक्स १०५० टीआय हे चार जीबीचे ग्राफिक्स कार्ड, आणि एक टेराबाइटची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. त्या वेळी हा बेत चांगला होता. आता नवे खेळ त्यावर अडखळतात. दुकानात त्याला सांगण्यात आले, की हा सगळा भंगार झाला. खरेच झाला का? ते पाहू.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे, की टेबलावरचा संगणक भागाभागाने बदलता येतो ही सोय आपोआप आलेली नाही. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मुख्य पाटीवर पाच खाचा ठेवलेल्या होत्या, आणि त्यांत काय बसते, कसे बसते, ही माहिती कंपनीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यामुळे इतर कारखानदारांना त्या खाचांत बसणारी कार्डे बनवता आली. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचे माप ठरवले. बोर्डाला भोके कोठे, वीजपुरवठ्याचा डबा केवढा, हे त्यात नक्की झाले. त्या मापाची वीस वर्षांपूर्वीची पेटी असली तरी तिच्यात आजचा बोर्ड बसतो. ज्या यंत्राचे भाग स्क्रूने आणि खाचेने बसवलेले असतात, ते यंत्र मालकाचे असते. ज्याचे भाग डाख देऊन कायमचे चिकटवलेले असतात, ते विकत घेऊनही निम्मे कंपनीचेच राहते. पुष्कळशा लॅपटॉपांचे आज असे झाले आहे. त्यांतले ग्राफिक्स तर जवळजवळ नेहमीच डाख दिलेले असते. म्हणून बेताच्या पैशात खेळाचे यंत्र घेणाऱ्याने, घरात जागा असेल तर, टेबलावरचे यंत्र घ्यावे. आजची किंमत तर पाहायचीच, पण पाच वर्षांनी त्याचे काय करता येईल हेही त्याच दिवशी पाहून ठेवावे.

आता यंत्राच्या कामाकडे येऊ. पडद्यावरचे चित्र हलते असे आपल्याला वाटते, पण सिनेमाप्रमाणे तीही एकामागून एक येणारी स्थिर चित्रेच असतात. त्यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात दोन कारागिरांनी आपापले काम उरकायचे असते. प्रोसेसर ठरवतो, की चेंडू कोठे आहे, खेळाडू कोठे आहे, धक्का लागला की नाही. त्याप्रमाणे तो आज्ञा लिहून ग्राफिक्स कार्डाकडे देतो. कार्ड ते चित्र रंगवते. साध्या १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात, आणि ते सगळे दर फ्रेमला नव्याने रंगवायचे असतात. ज्याला ४के म्हणतात त्या पडद्यावर ठिपके याच्या बरोबर चौपट असतात. मोठा पडदा घेतला आणि खेळ मंद झाला अशी तक्रार ज्यांची असते, त्यांना याहून निराळे उत्तर देण्याची गरज नाही.

मुंबईच्या गिरण्यांत काम केलेल्या जुन्या माणसांना हे चटकन समजते. सूत गुंडाळून देणारे वाइंडिंग खाते मागे पडले, तर पुढचे साचे सूत नाही म्हणून उभे राहतात. अशा वेळी मालकाने आणखी शंभर साचे मांडले तरी कापड एक वारही जास्त निघत नाही. गिरणीचे उत्पन्न तिच्या सर्वांत वेगवान खात्यावर ठरत नाही, अडलेल्या खात्यावर ठरते. संगणकाचेही अगदी तसेच आहे. कार्ड अडलेले असताना नवा प्रोसेसर आणणे, किंवा प्रोसेसर अडलेला असताना महागडे कार्ड आणणे, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आजच्या भाषणातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ती ही, की अडलेले खाते सापडल्याशिवाय खिशात हात घालू नका.

ते सापडते कसे? त्यासाठी पैसे पडत नाहीत. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड किती टक्के कामात आहेत हे दिसते. खेळ चालू ठेवून हे आकडे पाहावेत. कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर अडलेले खाते कार्डाचे. कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळते आहे, खेळात फ्रेमवर कोणतीही मर्यादा घातलेली नाही, आणि तरीही फ्रेम कमी पडतात, तर दोष बहुधा प्रोसेसरकडे किंवा मेमरीकडे. येथे एक फसगत होते, ती सांगून ठेवतो. प्रोसेसरचा एकूण आकडा चाळीस टक्के दिसला म्हणून तो मोकळा आहे असे समजू नये. सहा कोअरांपैकी एक जण मान मोडून काम करतो आहे आणि बाकीचे पाच त्याची वाट पाहत बसले आहेत, असे खेळात नेहमी घडते. सरासरी काढली की तो एकटा राबणारा कोणाला दिसत नाही. कारखान्याच्या अहवालातही असेच होते, पण तो विषय निराळा.

याचा पडताळा पाहण्याची एक सोपी रीत आहे. खेळातील चित्राची बारकाई एकदम खाली आणावी, म्हणजे ठिपके कमी करावेत. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्डावर ओझे होते. फ्रेम जागच्या जागी राहिल्या तर कार्ड निर्दोष आहे, कारण त्याचे काम हलके करूनही उत्पन्न वाढले नाही. आणि याहूनही पक्की परीक्षा म्हणजे मित्राचा भाग एका संध्याकाळपुरता उसना आणून लावून पाहणे. चार मित्रांनी आपापसांत एवढा एकोपा ठेवला, तर चौघांचाही पैसा वाचतो.

आमच्या फिटरने आकडे पाहिले. कार्ड ९८-९९ टक्के, मेमरी जवळजवळ भरलेली, आणि खेळाचा नवा भाग उघडताना डिस्क शंभर टक्क्यांना टेकलेली. प्रोसेसर तूर्त निभावत होता. म्हणजे दुकानात सगळ्यात आधी जो भाग बदलायला सांगितला, तोच सर्वांत कमी दोषी निघाला.

आता उपाय. पहिला टप्पा बिनपैशाचा आहे, आणि तो ओलांडून पुढे जाणे हा गुन्हा समजावा. पेटी उघडून धूळ काढावी. पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर हवेच्या झोताने तो उलटा-सुलटा गरगर फिरतो आणि बिघडतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत खोलीच तापलेली असते. प्रोसेसर आणि कार्ड हद्दीबाहेर तापले की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतात. उन्हाळ्यात खेळ अडखळतो आणि दिवाळीत बरा चालतो, अशी तक्रार असेल तर नव्या भागाआधी झाडू आणि थोडी थर्मल पेस्ट यांचा विचार करावा. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला लावलेली आहे की चुकून मदरबोर्डाला, हेही पाहावे. घाईत अशी वायर लावली गेली, तर पैसे मोजून घेतलेले कार्ड नुसते बसून राहते आणि सगळे आश्चर्य करतात. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजमध्ये तो साठवरच ठेवलेला नाही ना, ते पाहावे. रॅमपट्टीवर ३२०० असा वेग छापलेला असतो, पण बायोसमध्ये एक्सएमपी नावाची नोंद चालू केल्याशिवाय ती पुष्कळदा २१३३ किंवा २४०० च्याच वेगाने चालते. म्हणजे पगार ३२०० चा ठरला आणि हातात २१३३ पडले, आणि कोणी विचारायला गेले नाही म्हणून तसेच चालू राहिले!

शेवटी खेळातल्या मांडण्या. सावल्या आणि प्रतिबिंबे यांवर कार्डाची फार शक्ती खर्च होते, आणि पळत्या खेळात त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. त्या एक-दोन पायऱ्या खाली आणाव्यात. कार्डाची स्वतःची मेमरी चारच जीबी असेल, तर टेक्स्चर नावाची मांडणी कमी ठेवावी, कारण ती मेमरी भरली की खेळ मध्येच गचके खातो. एएमडीने २०२१ साली एफएसआर नावाची युक्ती आणली आहे. तिच्यात चित्र लहान रंगवून मोठे करून दाखवतात, आणि ती दुसऱ्या कंपन्यांच्या जुन्या कार्डांवरही चालते. खेळात तिची सोय दिलेली असेल तर जरूर वापरावी. एवढे केल्यावर कितीतरी घरांत पुढच्या टप्प्याची गरजच उरत नाही.

दुसरा टप्पा डिस्क आणि मेमरी. फिरत्या तबकडीच्या डिस्कला माहितीचा एक तुकडा शोधायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात, कारण तिची सुई खरोखर सरकावी लागते. एसएसडीत काहीच सरकत नाही, आणि तेच काम सुमारे शंभरपट लवकर होते. एसएसडीने फ्रेम वाढत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. पण यंत्र सुरू होणे, खेळ उघडणे आणि खेळता खेळता होणारी अडखळ, यांत इतका फरक पडतो, की घरातल्या इतरांनाही यंत्र नवे वाटते. जुनी डिस्क फेकू नये, फोटो आणि कागदपत्रे ठेवायला ती चांगली.

मेमरीचे म्हणाल तर एका मोठ्या पट्टीपेक्षा दोन सारख्या पट्ट्या बऱ्या. प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन वाटा असतात. एकच पट्टी लावली तर एक वाट बंद राहते. आमच्या फिटरच्या यंत्रात आठ जीबीची दुसरी तशीच पट्टी टाकली की मेमरी दुप्पट झाली आणि वाटही दुप्पट रुंद झाली.

येथे जरा थांबून बाजाराकडे पाहिले पाहिजे. जगातली बहुतेक सगळी मेमरी तीन कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड संगणकगृहे उभारण्याची जी शर्यत लागली, तिच्यामुळे या कंपन्यांचा माल तिकडे वळला, आणि २०२५ च्या अखेरच्या काही महिन्यांत साध्या ग्राहकाच्या मेमरीच्या किमती दुपटीहून अधिक चढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रुशियल या नावाने ग्राहकांना मेमरी विकण्याचा आपला धंदा बंद करीत असल्याचे जाहीर केले. मोठे गिऱ्हाईक आले की लहान गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवावे, असा हा न्याय आहे. अशा काळात “सगळे बदला” या सल्ल्याचा अर्थ काय होतो? नवा बोर्ड घ्या, म्हणजे त्याला डीडीआर-५ जातीची नवी मेमरी घ्या, म्हणजे सर्वांत चढलेल्या भावाची वस्तू पहिल्यापासून विकत घ्या. ज्याच्याकडे डीडीआर-४ ची पट्टी आहे त्याने ती जपावी. जोडीची पट्टी वापरलेली मिळाली तरी हरकत नाही. मेमरीत झिजणारा भाग नसतो, आणि मेमटेस्ट नावाच्या फुकट मिळणाऱ्या साधनाने ती रात्रभर तपासून घेता येते.

तिसरा टप्पा ग्राफिक्स कार्ड. खेळाच्या यंत्रात जो पैसा घालायचा त्याचा मोठा वाटा येथे जातो, आणि फसवणूकही येथेच जास्त. म्हणून कार्ड आणण्यापूर्वी वीजपुरवठ्याचा डबा पाहावा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात. डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलेले असते. त्यावर भरवसा ठेवू नका. चिठ्ठीवर १२ व्होल्टचा रकाना शोधा, त्यातल्या अँपिअरला बाराने गुणा. तीस अँपिअर असतील तर ३६० वॅट, अठरा असतील तर केवळ २१६. कार्ड आणि प्रोसेसर या दोघांनाही बहुतेक सगळी वीज याच रकान्यातून मिळते. हलक्या डब्यावर जड कार्ड चढवले तर भर खेळात यंत्र बंद पडते, आणि डबा जळताना शेजारच्या भागांना बरोबर घेऊन जाऊ शकतो. बाकी कोठेही काटकसर करा. डबा मात्र नावाजलेल्या कंपनीचा आणि नवा घ्या.

कार्ड निवडताना पुढचे मागचे पाहावे. जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ सालचे, ७५ वॅटवर चालणारे कार्ड. त्याच्या जागी २०२१ साली आलेले आरएक्स ६६०० घेतले, तर मेमरी चारची आठ जीबी होते आणि वीज १३२ वॅट लागते. सहा कोअरच्या प्रोसेसरला हे ओझे झेपते आणि साध्या पडद्याला पुरते. आमच्या फिटरने तेच वापरलेले घेतले. नव्याच्या मोहाने २०२२ सालचे आरएक्स ६५०० एक्सटी घेण्याचे त्याच्या मनात होते. पण त्या कार्डाला बोर्डाकडे जाणाऱ्या चारच वाटा आहेत आणि मेमरीही चारच जीबी. त्याच्यासारख्या जुन्या, पीसीआय एक्स्प्रेस ३ च्या बोर्डावर त्या वाटा निम्म्या वेगाने चालतात, आणि कार्डाची मेमरी भरली की दम कोंडतो. नाव नवे, आकडा मोठा, पण आपल्या बोर्डावर उपयोग कमी, अशी वस्तू बाजारात नेहमीच असते.

वापरलेल्या कार्डाविषयी लोकांच्या मनात भीती असते. २०२० ते २०२२ या काळात इथेरियम नावाचे चलन “खणण्यासाठी” कार्डांचे ढीग रात्रंदिवस चालवले गेले, आणि त्या वेळी खेळणाऱ्या मुलाला रास्त भावात कार्ड मिळेनासे झाले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धतच बदलली, खणण्याचा उद्योग संपला, आणि तीच कार्डे वापरलेल्या मालाच्या बाजारात आली. राबलेले कार्ड वाईटच असते असे नाही. पंखे आणि थर्मल पेस्ट थकलेली असते, ती बदलता येते. पण घेताना लाज धरू नये. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचे नेहरू प्लेस, दुकानात कार्ड यंत्रावर लावून अर्धा तास जड खेळ चालवून दाखवा असे म्हणावे. पडद्यावर ठिपके किंवा रेघा उमटतात का, पंखा खडखडतो का, तापमान चढत चढत जाते का, हे पाहावे. दाखवायला तयार नसेल त्या दुकानातून उठावे. बिल घ्यावे, आणि पेटीत कार्डाची लांबी मावते का हे घरून मोजून न्यावे.

चौथा टप्पा प्रोसेसर, आणि येथे मला एक इतिहास सांगायचा आहे. प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलने २०१७ साली आठव्या पिढीचे प्रोसेसर आणले, तेव्हा बैठक तीच ११५१ टोकांची होती, पण आदल्याच वर्षी घेतलेले बोर्ड त्यांना चालेनात. नव्या जातीचाच बोर्ड घ्यावा लागे. एएमडीची एएम-४ ही बैठक २०१६ साली आली, आणि ती दीर्घकाळ ठेवू असे कंपनी सांगत होती. पण मे २०२० मध्ये याच एएमडीने जाहीर केले, की पुढच्या पिढीचे प्रोसेसर बी-४५० सारख्या जुन्या बोर्डांवर चालणार नाहीत. ज्यांनी पुढे सुधारणा करता येईल या आशेवर ते बोर्ड घेतले होते, त्यांनी जगभरातून एकच आवाज उठवला. त्यांची संघटना नव्हती, वर्गणी नव्हती, पुढारी नव्हता. तरी दोन आठवड्यांच्या आत कंपनीला निर्णय फिरवावा लागला. २०२२ साली तर २०१७ च्या सगळ्यात जुन्या बोर्डांनाही तीच परवानगी देण्यात आली. याचा परिणाम काय? आमच्या फिटरच्या २०१९ च्या बोर्डावर २०२२ साली आलेला रायझन ५ ५६०० बसतो. बोर्ड तोच, मेमरी तीच, पेटी तीच. त्याला आज त्याची निकड नाही, पण उद्या अडलेले खाते प्रोसेसरचे निघाले, तर वाट उघडी आहे. ही वाट यंत्रशास्त्राने बंद केली नव्हती आणि यंत्रशास्त्राने उघडलीही नाही. गिऱ्हाइकांनी एकत्र बोलून ती उघडून घेतली. आम्हा युनियनवाल्यांना यात नवे काही नाही, पण बाजारहाट करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

असा प्रोसेसर बदलताना क्रम चुकवू नये. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावा, मग नवा बसवावा. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून ज्या गावात भारनियमन आहे तेथे यूपीएस उसना आणल्याशिवाय या कामाला हात घालू नये.

विंडोजबद्दल एक शब्द. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला सरसकट जुने यंत्र चालत नाही. इंटेलची आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर यांना ती मान्यता देते. पुष्कळदा बायोसमध्ये टीपीएम नावाची नोंद बंद असते, एवढ्यावरून यंत्र “अपात्र” ठरते. ती चालू केली की तेच यंत्र पात्र होते. म्हणून पडद्यावर अपात्र अशी अक्षरे दिसली, की लगेच दुकान गाठू नये.

मग नवे यंत्र घ्यावे तरी केव्हा? माझे उत्तर असे: बोर्ड, प्रोसेसर आणि मेमरी हे तिन्ही एकदम बदलावे लागत असतील, तर ती डागडुजी राहिली नाही, नवी बांधणी झाली. अशा वेळी थोडे थोडे पैसे जुन्यावर घालत बसू नये, सावकाश साठवावे आणि मोकळ्या बैठकीचा, पुढे वाव असलेला बोर्ड घ्यावा. पण एक-दोन भागांत काम भागत असेल, तर सगळे फेकणे म्हणजे दोन कौले फुटली म्हणून घर पाडण्यासारखे आहे.

फेकलेले जाते तरी कोठे? संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. उरलेल्यातला पुष्कळसा भाग दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातो. तेथे माणसे उघड्या हातांनी बोर्ड फोडतात, वायरी जाळून तांबे काढतात. तीही कामगारच आहेत, फक्त त्यांना हजेरीपट नाही. आमच्या फिटरचे जुने कार्ड भंगारात गेले नाही. त्या कार्डाला बहुधा वेगळी वीजवायर लागत नाही, म्हणून ते त्याच्या मावसभावाच्या साध्या यंत्रात बसले आणि तेथे जुने खेळ उत्तम चालतात.

आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले आहे. कंपन्यांनी दुरुस्तीची पुस्तके, सुट्या भागांची आणि सेवाकेंद्रांची माहिती तेथे द्यावी अशी कल्पना आहे. ही सुरुवात चांगली आहे, पण सुरुवातच आहे. माहिती देणे एक आणि भाग मिळणे दुसरे. मेमरी डाख देऊन चिकटवू नका, बैठक दर दोन वर्षांनी बदलू नका, विकलेल्या वस्तूचे भाग ठरावीक वर्षे बाजारात ठेवा, अशी मागणी एकेका ग्राहकाने केली तर ती तक्रार म्हणून वहीत राहील. हजारांनी केली तर तिला उत्तर द्यावे लागेल. २०२० च्या मे महिन्यात हे एकदा घडलेले आपण पाहिले.

सारांश असा. आधी मोजा, मग धूळ काढा आणि मांडण्या सुधारा. त्यानंतर डिस्क आणि मेमरी, मग वीजपुरवठा पाहून कार्ड, आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर. दर पायरीवर थांबून पुन्हा मोजा. खेळ सुरळीत चालू लागला असेल तर तेथेच थांबा, कारण दुकानात पुढची पायरी नेहमीच असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की मुलगा पेटी उघडून बसला तर त्याच्यावर ओरडू नका. वीज बंद केली आहे ना एवढे पाहा, आणि शेजारी बसून कोणता भाग काय करतो ते त्याला विचारा. त्याला सांगता आले तर तो पैसे वाया घालवणार नाही, आणि सांगता आले नाही तर पैसे देण्यापूर्वी त्याने ते शिकून यावे.